पेट्यांची झाकणं

११ जानेवारी, रविवार

ताई,

माझा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतं. मग घे पत्र. मला फोन मिळतो तो फक्त रविवारी, गेटवरच्या खोलीत, दहा मिनिटं, आणि त्यातली बहुतेक मी तुझी रिंग ऐकण्यात घालवतो. मागे लंब्या उभा असतो. माझ्याच शेडमध्ये काम करतो, त्याला त्याच्या बायकोशी बोलायचं असतं, म्हणून माझ्या मानेवर श्वास सोडत राहतो. आज म्हणाला, कोण रे ही, एवढा भाव खाते? मी म्हणालो, बहीण आहे. तेव्हा जरा मागे सरकला.

बाकीचे दिवस फोन गेटवर जमा. बाहेरची वस्तू आत नेली की कोंबड्यांना रोग होतो म्हणतात. आत जाताना आंघोळ, बाहेर येताना आंघोळ, आतले कपडे वेगळे, चपला वेगळ्या. आईने मला लहानपणी वर्षभरात घासलं नसेल तेवढं मी इथं आठवड्यात घासून घेतो. कोंबड्या मात्र आयुष्यात एकदाही आंघोळ करत नाहीत.

पण पत्र त्यासाठी नाही. सरळ विचारतो. तू दाजींचं घर सोडून का आलीस?

आई म्हणते, एक पिशवी आणि कडेवर पोरगी, एवढंच घेऊन आली आणि आल्यापासून तोंड उघडत नाही. बाबांनी विचारलं की उठून आतल्या खोलीत जाते. भांडण झालं का, तर नाही. मारलं का, तर नाही. मग काय झालं? काहीच झालं नाही तर कुणी घर सोडत नाही. तू अशी गप्प कधी बसतेस ते मला माहीत आहे. काही लपवायचं असलं की बसतेस.

दाजींशी बोललो. त्यांच्याशी बोलायचं नाही असं तू म्हणशील, पण ही नोकरी त्यांनीच लावून दिली, इथला सुपरवायझर त्यांचा वर्गमित्र, मी कसा तोडू? रडकुंडीला आले होते बिचारे. म्हणाले, छोट्या, तू लहान आहेस, तुला सगळं सांगता येत नाही, पण तुझ्या बहिणीच्या कपाटात गोळ्या सापडल्या. मूल राहू नये म्हणून घेतात त्या. साड्यांच्या घडीत ठेवलेल्या. मी म्हणालो, मग? तर म्हणाले, मग काय, तूच विचार कर. नवऱ्याला मूल हवं असताना बाई चोरून गोळ्या खाते ती कशाला?

मी विचार केला. आठवडाभर कोंबड्यांखालचं तूस उपसताना तोच विचार. उत्तर एकच येतं आणि ते लिहायला हात धजत नाही. तूच लिही. कोण आहे तो?

आणखी एक. पाकीट तुझ्या हातात बंद पडलं की उघडलेलं, तेही कळव. आईचा मला भरवसा नाही. मी डिंक दोनदा लावलाय.

छोट्या


२५ जानेवारी, रविवार

ताई,

उत्तर नाही. म्हणजे माझं खरं आहे, असं मी धरून चालू का?

फोन पुन्हा तसाच. आईने उचलला तेव्हा मागे पोरगी रडत होती आणि तू तिला गप्प करत होतीस, तुझा आवाज मी ओळखला. आई म्हणाली, ती झोपलीये. माझ्याशी खोटं बोलताना आईचा आवाज पातळ होतो. तूच तिला शिकवलंस ना, झोपलीये म्हणून सांग?

असू दे. माझं इथलं ऐक. इथं माझं नाव झालंय.

आमची शेड खूप लांब आहे, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. मधोमध भाताच्या तुसाची गादी. दोन्ही कडांना फळ्यांचे उंच ओटे आणि ओट्यांवर भिंतीला लागून अंडी घालायच्या पेट्या, रांगेने, प्रत्येकीला झाकण. ही अंडी खायची नसतात, यांची पिल्लं काढतात, म्हणून शेडमध्ये कोंबडेही सोडलेले असतात. इथं कोंबडा-कोंबडी कुणी म्हणत नाही. नर आणि मादी. मी पहिल्या दिवशी कोंबडीताई म्हणालो तर लंब्या आठवडाभर मला कोंबडीचा भाऊ म्हणत होता.

दहा माद्यांमागे एक नर. माद्यांच्या खाद्याच्या पन्हळीवर जाळी असते, नराचं डोकं तुऱ्यासकट त्यात शिरत नाही. नरांची भांडी उंच टांगलेली, मादीची मान तिथवर पोचत नाही. जेवायला वेगळं बसवायचं आणि बाकीचा संसार एकत्र, असा सगळा प्रकार आहे.

आता घोळ असा, की माद्या खाली उतरेनात. सकाळी अंडी घालायला पेटीत जायचं आणि मग दिवसभर तिथंच ठाण मांडायचं. दोन-दोन, तीन-तीन एका पेटीत. खाली नर मोकळे फिरतायत आणि या वर पडदानशीन. सुपरवायझर रोज ओरडायचा. माद्या खाली आल्या नाहीत तर अंड्यात पिल्लू कुठून धरणार, तुम्ही लोक काय झोपा काढता का, म्हणायचा. मी आणि लंब्या काठीने हुसकायचो. उतरल्या की पाच मिनिटांत पुन्हा वर.

पेट्यांची झाकणं आम्ही संध्याकाळी लावतो, रात्री आत घाण करू नयेत म्हणून. मी म्हटलं, अंडी तर सगळी सकाळीच होतात. मग झाकणं दुपारीच लावली तर? कुणाला विचारलं नाही. जेवण झाल्यावर गेलो आणि एका कडेने सगळी झाकणं पाडत सुटलो. आतल्या माद्यांना हाताने बाहेर काढलं. दोन दिवसांत शेड भरल्यासारखी वाटायला लागली. सुपरवायझरने चक्क खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, शाळा सोडलीस तरी डोकं आहे तुला.

हे तुला का सांगतोय, तर तुझंही तसंच झालंय. आयती जागा मिळाली की बसायची सवय लागते. आईला मी सांगितलंय, तिला आतली खोली देऊ नको. बाहेरच्या खोलीत बसू दे, येणारे-जाणारे विचारतील, लाजेने तरी तोंड उघडेल. राग आला तर येऊ दे. मी तुझ्या वाईटावर नाही.

दाजी पण हो म्हणाले.

छोट्या


८ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आज तुला जे लिहितोय ते भावाने बहिणीला लिहावं असं नाही. पण तू बोलत नाहीस आणि माझ्या डोक्यात ते फिरत राहतं, कुठे सांगू? लंब्याला सांगितलं तर तो गाणं करून शेडभर म्हणेल.

इथं एक डॉक्टरीणबाई येतात, कोंबड्यांच्या. बुटक्या, खिशात बडीशेपेची डबी, सुपरवायझरलाही अरे-तुरे करतात. तपासायला माद्या पकडून देणं माझं काम. परवा आम्ही उभे असताना समोरच एक नर एका मादीवर चढला आणि उतरला. ती उठली, अंग झाडलं, आणि मागून काहीतरी पांढरं तुसावर पडलं. लंब्या हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बघितलंस? टाकून दिलं तिने.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं, की मादीला सगळेच नर हवे असतात असं नाही. नको असलेला अंगावर आला तर तिचं त्याच्यापुढे चालत नाही, तो वजनाने जास्त. मग ती गप्प राहते आणि नंतर त्याचं बीज बाहेर टाकून देते. ज्याचं हवं त्याचं ठेवते. नराला पत्ताही लागत नाही, तो आपला छाती काढून चालला जातो.

मी म्हणालो, एवढी लबाड?

"लबाड कसली? अंडं तिच्या पोटात होतं, त्याच्या नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मादीला हात घातला.

मला ते पटलं नाही. मी गोळ्यांचा विचार करत होतो. ताई, तंतोतंत तेच नाही का? समोर नवरा, तोंडाने हूं की चूं नाही, आणि मागून साड्यांच्या घडीत गोळ्या. त्यांना पत्ता नाही. आणि ज्याचं हवं त्याचं ठेवते, असं बाई म्हणाल्या. म्हणजे हवा असलेला कुणीतरी असतोच. मला आधी नुसती शंका होती, आता शास्त्राचं पण तेच म्हणणं निघालं.

तो पूर्वी सायकल दुरुस्त करायला यायचा तो तर नाही ना? का तुझ्या शिवणाच्या क्लासला खाली दुकान होतं, तिथला? मी एकेकाला आठवून बघतोय. झोप लागत नाही मला. लंब्या म्हणतो, तू दात खातोस.

आईने सांगितलं, तू आता बाहेरच्या खोलीत असतेस. कोण कोण आलं, काय विचारलं, तेही सांगितलं. तरी तू गप्पच. कमाल आहे तुझी.

बाबांचं ठरलंय. मार्चमध्ये मी रजा घ्यायची आणि तुला दाजींकडे पोचवायचं. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

छोट्या


२२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

या पंधरवड्यात इथं फार वाईट झालं. माद्या मेल्या.

पहिल्यांदा दोन-चार, मग रोज जास्त. सकाळी शेडमध्ये गेलं की ओट्यांच्या कडेला, पन्हळींच्या खाली, कुठेतरी डोकं खुपसून पडलेल्या. आम्हाला वाटलं रोग आला. सुपरवायझर तर घाबरून हातपाय धुवायलाच लागला. डॉक्टरीणबाईंना निरोप गेला, त्या त्याच दिवशी आल्या.

त्यांनी एक मेलेली उचलली, माझ्या हातात उताणी दिली आणि पंख वर करून बाजूची पिसं फुंकून बाजूला केली. ताई, बगलेपासून मांडीपर्यंत फाटलेली. सुरीने उभी चीर द्यावी तशी. पाठीवर पीस नाही, नुसती लाल कातडी. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं, पंख मिटला की झाकलं जायचं. नर चढतो तेव्हा पायांनी धरतो, त्याच्या पायामागे काटा असतो. एकदा-दोनदा झालं तर कातडी भरून येते. भरून यायच्या आत पुन्हा, पुन्हा, म्हणजे मग असं होतं.

मग जिवंत माद्या तपासल्या. दर तिसरी-चौथी तशीच निघायला लागली. वरून धडधाकट, खाद्य खातायत, आणि पंखाखाली हे.

बाई म्हणाल्या, रोग-बिग काही नाही. दुपारी या कुठे असतात? तेव्हा निघालं, की कुणीतरी दुपारपासूनच पेट्यांची झाकणं लावून ठेवत होतं. सुपरवायझर म्हणाला, कुणी लावली? आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही मला पहिल्यांदाच बघतोय. माझा आता त्या माणसावर काडीचा विश्वास नाही. खांद्यावर हात ठेवताना याला झाकणं दिसत होती, मेल्यावर दिसेनाशी झाली.

बाई कुणावर ओरडल्या नाहीत. ओट्याच्या कडेवर बसल्या, बडीशेप तोंडात टाकली. मी विचारलं, यातले नर खराब निघालेत का? त्या म्हणाल्या, "नर खराब नाही. जितक्या वेळा जमेल तितकं त्याच्या फायद्याचं. तिचं काम एकदा-दोनदात होतं, त्यापुढचं सगळं तिला नुकसान. हे भांडण माणूस जन्माला यायच्या आधीपासून चालू आहे, ते तू मिटवणार नाहीस. पण रानात तिला पळता येतं. इथं पळायला जागा किती ठेवायची ते आपण ठरवतो. तिची पळायची जागा म्हणजे ती पेटी होती."

मी म्हणालो, माणसांतही असंच असतं का?

म्हणाल्या, "माणसांचं मला विचारू नको. मी कोंबड्यांची डॉक्टर आहे. माणसांना तोंड असतं, त्यांना विचारावं."

आता झाकणं दिवसभर उघडी. तुसावर जागोजागी पत्र्याचे आडोसे उभे करायला सांगितलेत, मादीला मागे जाता येईल असे. आणि जे नर सारखे अंगावर जातात ते वेगळे काढायचे. ते धरायचं काम माझ्याकडे. एकाने मनगट फाडलं. टाका घालावा लागला. एवढासा काटा, पण कळ डोक्यापर्यंत गेली.

एक विचारू? पोरगी झाली तेव्हा मी इथं होतो, मला रजा मिळाली नाही. आई फोनवर म्हणाली होती की जरा अवघड गेलं. जरा म्हणजे किती? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?

छोट्या


८ मार्च, रविवार

ताई,

तुझं पत्र आलं. आत पाच ओळी. पाठ झाल्यात माझ्या. तरी पुन्हा लिहून काढतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते मी नीट वाचलं हे तुला कळेल.

"छोट्या, तुझी सगळी पाकिटं मला उघडलेलीच मिळाली. पेट्या 'कुणीतरी' नाही, तूच बंद केल्यास, तुझ्याच आधीच्या पत्रात आहे, लिहिलेलं विसरतोस. माझ्या पेटीचं झाकणही तूच लावलंस, आतली खोली गेली. तो कोण ते तुझ्या भाचीला विचार, तिच्याशिवाय मी कुणाजवळ झोपत नाही. बाळंतपणाचं दाजींना विचार, तेव्हा डॉक्टरांसमोर तेच उभे होते."

तुझं अक्षर अजून तसंच आहे. मार बसल्यासारखं वाटलं. दोन दिवस डोकं खाली घालून तूस उपसत राहिलो. लंब्याने विचारलं, कोण गेलं का घरचं?

मग आज दाजी आले. मी बोलावलं नव्हतं. आपणहूनच आले, रजेचं ठरवायला. गेटवर गाड्यांची चाकं बुडवायला औषधाच्या पाण्याचा हौद आहे, ते त्याच्या पलीकडे, मी अलीकडे, असे आम्ही उभे. माझ्यासाठी शर्ट आणला होता. पहारेकरी म्हणाला, बाहेरचं कापड आत नाही. शर्ट अजून पहारेकऱ्याच्या खुर्चीवर लटकतोय.

इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, दाजी, पोरगी झाली तेव्हा डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? मला वाटलं टाळतील. टाळलं नाही. हसले.

"म्हणाल्या, दोन वर्षं दुसऱ्या मुलाचा विचार करू नका, आतले टाके पुन्हा फाटले तर बाई हाताला लागणार नाही. अरे, डॉक्टर असं बोलतातच. घाबरवलं नाही तर त्यांच्याकडे जाईल कोण? आणि दोन वर्षं मी काय भिंतीकडे तोंड करून झोपू?"

पहारेकरीही हसला. मी पण थोडा हसलो असेन. नक्की आठवत नाही.

मी म्हणालो, मग तो दुसरा कोण? ते म्हणाले, कोण दुसरा? म्हटलं, तुम्हीच नाही का म्हणालात, गोळ्या कशाला खाते. तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाले, "मी कुणाचं नाव घेतलं का? मी म्हणालो, तू विचार कर. विचार तू केलास."

ताई, हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. त्या माणसाच्या मनात काही काळं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखरच वाटतं की त्यांनी काही केलेलं नाही. तुझ्याबद्दल वाईट बोलतही नाहीत. स्वयंपाक चांगला करते म्हणाले, पोरीची आठवण येते म्हणाले, डोळ्यांत पाणी पण आलं. आणि लगेच म्हणाले, यंदा मुलगा व्हायला हवा.

मग ठरवलं ते असं. एकवीस तारखेला, शनिवारी, मी रजेवर निघायचं. दाजी मला स्टेशनवर भेटणार. तिथून दोघं मिळून आपल्या घरी. "तू पुढे हो, मी जिन्यात थांबतो. माझा आवाज ऐकला तर ती कडी काढायची नाही. तुझ्यासाठी काढेल."

मी हो म्हणालो. तोंडावर नाही म्हणायला जमलं नाही. सुपरवायझर खिडकीतून बघत होता. त्याचं-त्यांचं आधीच बोलणं झालंय, मी रजेचा शब्दही काढायच्या आत मंजूर म्हणाला. इतकी पटकन इथं कुणाला रजा मिळत नाही. लंब्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं तेव्हा याने त्याला तीन दिवस फिरवलं होतं.

आता मला हा सगळा डाव दिसतोय आणि त्यात मी कुठे आहे तेही दिसतंय. मी म्हणजे तो आवाज, ज्याला तू दार उघडतेस.

छोट्या


१५ मार्च, रविवार

आई,

हे पत्र आधी तूच उघडणार, म्हणून आधी तुझ्याशी बोलतो. चहाचं भांडं ठेवून वाफेवर धरतेस ना? पाकिटाचा कागद तसा सुरकुततो म्हणे. पुढच्या वेळी कात्रीने काप, मला चालेल.

दाजींनी मला जे सांगितलं ते तुला सांगतो. दोन वर्षं मूल नको, नाहीतर ताई हाताला लागणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांना ते गमतीचं वाटतं. ताई गोळ्या घेत होती ती जगायला घेत होती. दुसरा कुणी नाही, कधी नव्हता. त्यांनीही कुणाचं नाव घेतलेलं नाही. माणूस मी बनवला माझ्या डोक्यात, आणि तू फोनवर हं हं करत राहिलीस.

तुला माहीत नव्हतं असं म्हणू नको. बाळंतपणात महिनाभर तिचं सगळं तूच केलंस. टाके कसे होते ते तू बघितलंस, माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. मग गप्प का बसलीस? मी खूप विचार केला आणि मला एकच वाटतं. तुला कुणी विचारलं नाही. तुलाही तेव्हा कुणी विचारलं नसेल. आम्ही दोघंच का, मधली दोन का जगली नाहीत, हे मी तुला आजपर्यंत कधी विचारलेलं नाही.

आतली खोली तिला आजच्या आज परत दे. ती कल्पना माझी होती, मोडायची तर माझ्या नावावर मोड. बाबांनी काही म्हटलं तर सांग, छोट्याने सांगितलंय. बाबा चिडतील. चिडू देत.

आता मागचं पान ताईला दे. देशील की नाही याची मला खात्री नाही. म्हणून असंच दुसरं पत्र बाबांच्या कामाच्या पत्त्यावर टाकलंय, आणि तू पाकिटं उघडतेस हेही त्यात लिहिलंय. म्हणजे दिलंच पाहिजेस.


ताई,

तुझ्याशी काय बोलू ते कळत नाही, म्हणून कामाचं तेवढं लिहितो.

एकवीस तारखेला मी स्टेशनवर उतरणार नाही. दाजी तिथं वाट बघतील. मी शुक्रवारीच निघतोय, सकाळच्या गाडीने, सुपरवायझरला न सांगता. लंब्याला तेवढं माहीत आहे, आणि तो तोंड बंद ठेवेल असं म्हणतो, पण लंब्याचं तोंड तुला माहीत नाही. त्यामुळे दाजींना कळणारच नाही असं धरून चालू नकोस. शुक्रवारी दुपारीच ते दारात उभे दिसले तर त्याचं कारण लंब्या.

दाजी तुला काय काय सांगतील ते आधीच सांगतो. म्हणतील, छोट्याने मला पाठवलंय. म्हणतील, छोट्या खाली उभा आहे. माझा शर्ट दाखवतील, तसाच दुसरा घेतला असेल तर. काहीही दाखवू देत. डॉक्टरांचा कागद तुझ्याजवळ आहे का? असला तर पिशवीत ठेव. पोरीचे कपडे पण ठेव, म्हणजे काही झालं तर शोधाशोध नको. बाबा दार उघडायला उठले तर त्यांना सांग, आधी पत्र वाचा, मग उठा.

इथलं सांगायचं तर आडोसे उभे केल्यापासून माद्या मरायच्या थांबल्यात. काही जणी दुपारी आपणहून खाली उतरतात, तूस उकरतात. नर जवळ आला की पत्र्याच्या मागे जातात, तो थोडा वेळ उभा राहतो आणि निघून जातो. अंडीही कमी झाली नाहीत. सुपरवायझर सगळ्यांना सांगतो, ही त्याचीच कल्पना होती. सांगू दे. मी शुक्रवारनंतर इथं नसणार, मला तो पुन्हा आत घेईल असं वाटत नाही.

तुला कोंबडी म्हणत नाहीये. तू तसं म्हणशील म्हणून आधीच लिहिलं. बाई म्हणाल्या होत्या, माणसांना तोंड असतं, विचारावं. मी पाच पत्रं लिहिली आणि त्यात विचारलं काय, तर तो कोण. तुला काय होतंय, हे एकदाही नाही. ते आता पत्रात विचारत नाही, पत्र कोण कोण वाचतं ते तुला माहीत आहे. समोर आल्यावर विचारेन. तू सांगितलं नाहीस तरी चालेल.

शुक्रवारी दुपारी दार वाजेल. लगेच उघडू नकोस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघ, मग जिन्याचं वळण बघ, मी मागे सरकून तुला वळण दिसेल असा उभा राहीन. मी एकटा दिसलो तरी माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर ठेवला नसता. मनात जराही आलं तर कडी काढू नकोस.

मी पायरीवर बसतो. जेवण घेऊन येईन, चादर आणतोय. शनिवारी दाजी वर आले की त्यांना जिन्यात आधी मी लागेन.

छोट्या